इंजिन चौथऱ्यावर उभं राहिलं, पण शिट्टी कुठे गेली? सेलूवरून धावलेल्या वाफेच्या गाड्यांचा आवाज जपायचा कसा?

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई-जालना वंदे भारत एक्स्प्रेस नांदेडपर्यंत वाढवण्यात आली. तेव्हा तिच्या थांब्यांच्या यादीत परभणी होतं, जालना होतं, पण सेलू नव्हतं. म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या या गावाच्या वाट्याला वंदे भारतचा फक्त हॉर्न आला. फाटकाच्या अलीकडे वाजतो, गाडी सुसाट निघून जाते, संपलं.

आता याच गावातल्या साठी-सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, पूर्वी गाडी आली हे कसं कळायचं? उत्तर ठरलेलं असतं. शिट्टीवरून. घड्याळ नसलेल्या घरात पहाटेच्या गाडीच्या शिट्टीवर चूल पेटायची. शेतातली माणसं दुपारच्या गाडीच्या शिट्टीवर भाकरी सोडायची. आणि स्टेशनपासून लांब राहणारा माणूस शिट्टी ऐकून पिशवी उचलून पळायचा.

ती शिट्टी आज ऐकायची असेल तर कुठे जायचं? सेलूत नाही, परभणीत नाही, पूर्णेतही नाही. वाफेची इंजिनं आपण थोडीफार जपली, रंगरंगोटी करून चौथऱ्यावर उभी केली. त्यांचा आवाज मात्र भंगारात गेला. हा आवाज जपण्यासाठी जगात काय चाललंय, आपल्याकडे काय झालं आणि अजून काय करता येईल, हे समजून घेऊ.

सेलू आणि वाफेच्या गाडीचं नातं काय?

सेलूवरून जाणारा रेल्वेमार्ग निजामाच्या काळातला आहे. हैदराबाद ते मनमाड हा सहाशे किलोमीटरहून लांब मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. नाव होतं हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे. रूळ मीटरगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर एक मीटर. नांदेड, पूर्णा, परभणी, सेलू, परतूर, जालना, औरंगाबाद ही सगळी गावं या एका मार्गाने जोडली गेली. मराठवाड्याचा कापूस याच मार्गाने बाहेर पडू लागला. सेलूची कापसाची बाजारपेठ आणि जिनिंगचा धंदा वाढला त्यात रेल्वेचा वाटा मोठा होता. जिंतूर, पाथरीकडच्या अनेक लोकांसाठीही सेलू हेच उतरायचं स्टेशन.

स्वातंत्र्यानंतर निजामाची रेल्वे १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली. २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे झाली आणि हा मार्ग पुढे तिच्याकडे आला. १ एप्रिल २००३ पासून इथला कारभार नांदेड विभाग पाहतो.

या सगळ्या काळात रूळ मीटरगेजच होते. काचीगुडा-मनमाड अजिंठा एक्स्प्रेस याच रुळांवरून धावायची. पूर्णेला मोठं जंक्शन आणि लोको शेड. तिथून अकोला, खांडव्याकडेही मीटरगेजची लाईन जायची. गाड्या ओढायला प्रवासी गाड्यांसाठी वायपी आणि मालगाड्यांसाठी वायजी ही इंजिनं. जुन्या रेल्वेवाल्यांच्या तोंडी ही नावं अजून आहेत.

१९९० च्या दशकात मनमाड-परभणी मार्ग ब्रॉडगेज झाला. मीटरगेजचे रूळ उखडले आणि त्या रुळांवर चालणारी इंजिनं या मार्गासाठी एका फटक्यात निरुपयोगी ठरली. डिझेल इंजिनं आली. आता विद्युतीकरण झालंय. वाफ, डिझेल, वीज. तीन पिढ्यांमध्ये तीन आवाज. यातला पहिला आज कुणाच्याच मोबाईलमध्ये नाही.

शिट्टी वाजायची कशी?

वाफेच्या शिट्टीची गोष्ट इंजिनाच्या गोष्टीइतकी जुनी नाही. पहिली इंजिनं शिट्टीशिवायच धावायची. १८३० च्या दशकात वेल्समधल्या एका लोखंडाच्या कारखान्यात एड्रियन स्टीफन्स नावाच्या माणसाने वाफेवर वाजणारं एक यंत्र बसवलं. उद्देश साधा होता. बॉयलरमधलं पाणी कमी झालं की इशारा मिळावा आणि स्फोट टळावा. ही कल्पना लवकरच रेल्वेने उचलली.

रचना सोपी आहे. खाली एक वाटी, तिच्या कडेने अगदी बारीक गोल फट आणि वर उपडी ठेवलेली घंटेसारखी नळी. ड्रायव्हरने दांडी ओढली की व्हॉल्व्ह उघडतो, बॉयलरमधली वाफ फटीतून जोरात बाहेर पडते आणि वरच्या नळीच्या कडेवर आपटते. नळीतली वाफ कंप पावते आणि आवाज निघतो. तत्त्व बासरीचंच, फक्त फुंकणारा दमदार. वायपी इंजिनाच्या बॉयलरमधला दाब दर चौरस सेंटीमीटरला १४ किलोच्या पुढे असायचा.

नळी लांब असेल तर आवाज खर्जातला, आखूड असेल तर तार. एकाच शिट्टीत वेगवेगळ्या लांबीचे तीन-चार कप्पे केले की एकाच वेळी अनेक सूर निघतात. म्हणूनच जाणकार माणूस इंजिन न दिसताही ते कोणत्या प्रकारचं आहे हे सांगायचा. मुरलेला ड्रायव्हर दांडी कमी-जास्त ओढून आवाज वर-खाली करायचा, त्यामुळे कधीकधी गाडीवर कोण आहे हेही घरच्यांना कळायचं. अमेरिकेत केसी जोन्स हा ड्रायव्हर त्याच्या खास शिट्टीसाठी प्रसिद्ध होता. १९०० मध्ये अपघातात त्याचा मृत्यू झाला आणि आजही तो तिथे दंतकथा आहे.

थंडीत पहाटे ही शिट्टी जास्त लांब का ऐकू यायची, यालाही कारण आहे. त्या वेळी जमिनीलगतची हवा थंड आणि वरची तुलनेने गरम असते. अशा हवेत आवाज वर न जाता वाकून पुन्हा जमिनीकडे येतो. सेलू, परतूरच्या आजूबाजूचा मुलूख बऱ्यापैकी सपाट. त्यामुळे डिसेंबरमध्ये पहाटेची शिट्टी लांबच्या खेड्यांपर्यंत जायची. आजी सांगते ते अगदीच अतिशयोक्ती नसतं.

शिट्टी म्हणजे नुसता आवाज नव्हता, ती भाषा होती

वॉकीटॉकी नव्हते, मोबाईल नव्हते. इंजिनात ड्रायव्हर आणि गाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड. मध्ये अख्खी गाडी. दोघांनी बोलायचं कसं? शिट्टीने. रेल्वेच्या नियमांत त्यासाठी ठरलेले संकेत आहेत. तीन छोट्या शिट्ट्या म्हणजे गार्डने ब्रेक लावावा. चार छोट्या म्हणजे अपघात, बिघाड किंवा अडथळ्यामुळे गाडी पुढे जाऊ शकत नाही, गार्डने मागच्या बाजूने गाडीचं संरक्षण करावं. दोन छोट्या आणि एक लांब म्हणजे कुणीतरी साखळी ओढली आहे. फाटक किंवा बोगदा जवळ आला की एक लांबलचक शिट्टी. आणि पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या छोट्या शिट्ट्या म्हणजे समोर धोका.

हे संकेत अजून नियमांत आहेत. फक्त आता ते विजेच्या इंजिनाचा हॉर्न बोलतो. रुळांच्या कडेला पिवळ्या पाटीवर ‘सी/फा’ लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. त्याचा अर्थ ‘सीटी, फाटक’. म्हणजे पुढे फाटक आहे, शिट्टी वाजवा. वाफेचं इंजिन गेलं, पाटीवरची सीटी राहिली.

गावाने या भाषेतले काही शब्द आपोआप शिकून घेतले होते. छोटी शिट्टी म्हणजे गाडी सुटतेय. सारखी तुटक शिट्टी म्हणजे रुळांवर जनावर आलंय. लांब आणि न थांबणारी म्हणजे काहीतरी बिनसलंय, लोक स्टेशनकडे धावायचे. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. ते ऐकणाऱ्यांच्या डोक्यात आहे, आणि ऐकणारे आता म्हातारे झालेत.

मग या शिट्ट्या गेल्या कुठे?

भारतात वाफेच्या इंजिनांची निर्मिती १९७२ मध्ये थांबली. ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची शेवटची गाडी ६ डिसेंबर १९९५ ला जालंधर-फिरोजपूर मार्गावर धावली. विदर्भातल्या प्रसिद्ध शकुंतला रेल्वेचं मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन सत्तरहून जास्त वर्षं राबून १५ एप्रिल १९९४ ला थांबलं. १९९२ मध्ये रेल्वेने ‘प्रोजेक्ट युनिगेज’ हाती घेतला आणि देशभरातल्या मीटरगेज मार्गांचं ब्रॉडगेज होऊ लागलं. म्हणजे पाच-सात वर्षांच्या आत हजारो इंजिनं एकदम निकामी झाली.

निकामी इंजिन म्हणजे रेल्वेच्या हिशेबात टनावारी लोखंड. त्याचा लिलाव होतो. घेणारा कापतो, वितळवतो. शिट्टी पितळेची किंवा गनमेटलची. लोखंडापेक्षा महाग धातू, हातात मावणारा, पाना लावून सुटणारा. साहजिकच ती सगळ्यात आधी जाते. काही शिट्ट्या लिलावात गेल्या, काही चोरीला गेल्या, काही कुणाच्या तरी शोकेसमध्ये गेल्या. बहुतेक भट्टीत गेल्या आणि त्यांचे नळ, कड्या, समया झाल्या असतील.

चौथऱ्यावर ठेवलेल्या इंजिनांकडे कधी नीट पाहा. प्रेशर गेज, पितळी नळ, शिट्टी यांच्या जागा अनेकदा रिकाम्या दिसतात. चालू इंजिनही यातून सुटत नाही. ‘फेअरी क्वीन’ हे १८५५ चं इंजिन. जगातलं सर्वांत जुनं चालू इंजिन म्हणून १९९८ मध्ये गिनीज बुकात गेलेलं. त्याचेही महत्त्वाचे भाग २०११ मध्ये चोरीला गेले आणि चेन्नईच्या पेरंबूर कारखान्यात ते पुन्हा उभं करावं लागलं. फेअरी क्वीनची ही गत, तर यार्डात गवतात उभ्या असलेल्या वायजीचं काय झालं असेल?

बरं, हे विसरणं आपल्याला नवीन नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी गाडी ओढणारी साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. त्यांतलं एकही आज पाहायला मिळत नाही.

जगात लोक शिट्ट्यांचं काय करतात?

शिट्ट्या जमवणं हा अमेरिका आणि ब्रिटनमध्ये गंभीर छंद आहे. अख्खं इंजिन घरी आणणं कुणाला परवडणार? शिट्टी मात्र कपाटात मावते. त्यामुळे रेल्वेच्या जुन्या वस्तूंच्या लिलावात शिट्ट्यांना मागणी असते.

यातलं सगळ्यात भारी उदाहरण न्यूयॉर्कचं. तिथल्या प्रॅट इन्स्टिट्यूट या कॉलेजचे मुख्य अभियंता कॉनराड मिल्स्टर यांनी आयुष्यभर जुन्या शिट्ट्या जमवल्या. रेल्वेच्या, जहाजांच्या, कारखान्यांच्या. १९६५ पासून दर ३१ डिसेंबरला मध्यरात्री ते या शिट्ट्या कॉलेजच्या वाफेच्या पाइपला जोडायचे आणि लोकांना वाजवू द्यायचे. नॉर्मंडी या प्रसिद्ध जहाजाची शिट्टीही त्यात होती. २०१४ च्या अखेरीला हा कार्यक्रम शेवटचा झाला. जवळजवळ पन्नास वर्षं एका माणसाच्या छंदामुळे एका शहराने मेलेले आवाज जिवंत ऐकले.

दुसरी पद्धत रेकॉर्डिंगची. पीटर हँडफर्ड हे ब्रिटिश ध्वनिमुद्रक १९५० च्या दशकात जड यंत्रं घेऊन रात्री-बेरात्री रुळांकडेला बसायचे आणि वाफेच्या गाड्यांचे आवाज टिपायचे. पुढे ‘आउट ऑफ आफ्रिका’ या सिनेमाच्या ध्वनीसाठी त्यांना ऑस्कर मिळालं. त्यांनी टिपलेली बरीच इंजिनं नंतर भंगारात गेली, आवाज राहिला.

तिसरी पद्धत सरकारी मान्यतेची. जपानच्या पर्यावरण खात्याने १९९६ मध्ये देशातल्या जपण्यासारख्या १०० आवाजांची यादी केली. त्यात पक्षी आहेत, देवळांच्या घंटा आहेत, समुद्र आहे आणि वाफेची रेल्वेही आहे. युरोपात २०१३ ते २०१५ या काळात सहा संग्रहालयांनी एकत्र येऊन कामाच्या ठिकाणचे लोप पावणारे आवाज रेकॉर्ड केले आणि कुणालाही ऐकता येतील असे इंटरनेटवर ठेवले.

आणि कॅनडात तर जुन्या आवाजाची गरज जिवावर बेतल्यामुळे कळली. डिझेल इंजिनांचे सुरुवातीचे हॉर्न ट्रकसारखे वाजायचे. फाटकावर लोकांना गाडी येतेय हे कळायचंच नाही. तेव्हा रॉबर्ट स्वॅन्सन यांनी वाफेच्या शिट्टीसारखे अनेक सूर एकत्र वाजवणारा हवेचा हॉर्न तयार केला. म्हणजे शिट्टीचा सूर लोकांच्या कानात किती खोल बसला होता बघा.

आपल्याकडे काय जपलं गेलं?

अगदीच काही नाही असं नाही. दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ पासून आहे. हरियाणातल्या रेवाडीच्या जुन्या शेडमध्ये वाफेची इंजिनं चालू स्थितीत ठेवलीत आणि त्यात वायपी, वायजी ही मीटरगेजची इंजिनंही आहेत. म्हणजे सेलूवरून धावणाऱ्या इंजिनांची भावंडं रेवाडीत आहेत.

महाराष्ट्रात नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालय डिसेंबर २००२ मध्ये सुरू झालं. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय १९९८ पासून मुलांना रेल्वेचं वेड लावतंय. माथेरानची गाडी १९०७ पासूनची.

पण यादी नीट वाचा. नॅरोगेजला नागपूर मिळालं, डोंगरी रेल्वेला माथेरान. मराठवाड्याच्या मीटरगेजला काय मिळालं? शंभरेक वर्षं या भागाचं पोट ज्या रुळांवर चाललं, त्यांची आठवण सांगणारं स्वतंत्र संग्रहालय मराठवाड्यात नाही.

दुसरीकडे सरकारला वाफेचं आकर्षण आहे, हेही खरं. ३१ ऑक्टोबर २०२३ ला गुजरातमध्ये एकतानगर-अहमदाबाद हेरिटेज ट्रेन सुरू झाली. तिचं इंजिन वाफेच्या इंजिनासारखं दिसतं, चालतं विजेवर. पर्यटनासाठी ठीक आहे. पण वाफेचा मुखवटा घालणं वेगळं आणि वाफेच्या काळातली खरी वस्तू, खरा आवाज जपणं वेगळं. मुखवट्यावर खर्च होतो आणि खरी शिट्टी किलोच्या भावाने जाते, इथे गडबड आहे.

शिट्टी मिळाली की आवाज मिळाला, असं का नाही?

समजा उद्या परभणीच्या भंगार बाजारात तुम्हाला खरी जुनी शिट्टी मिळाली. घरी आणली आणि टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरला जोडली. वाजेल का? वाजेल. पण तो मूळ आवाज नसेल.

कारण भौतिकशास्त्राचं आहे. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. गरम वाफेत तो ४७० मीटरच्या पुढे जातो. नळी तीच, पण आतलं माध्यम बदललं की सूर बदलतो. हवेवर वाजवलेली शिट्टी हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या मिळून पाच-सहा पट्ट्या खाली वाजते. म्हणजे सेलूच्या आजोबांना ती ऐकवली तर ते म्हणतील, ‘ही नव्हे.’ आणि ते बरोबर असतील.

वाफेवर वाजवायची तर बॉयलर हवा, आणि बॉयलर हा घरगुती प्रयोगाचा विषय नाही. दाबाखालच्या वाफेने माणसं मेलीत, म्हणून तर त्यासाठी वेगळा कायदा आहे. हे काम रेवाडीसारख्या ठिकाणी, प्रशिक्षित माणसांच्या हातूनच व्हायला हवं.

म्हणून शिट्टी जपणं म्हणजे तीन गोष्टी जपणं. एक, धातूची वस्तू. दोन, वाफेवर वाजलेल्या आवाजाचं रेकॉर्डिंग. तीन, तो आवाज वाजवणाऱ्यांची आणि ऐकणाऱ्यांची आठवण. पहिली गोष्ट भंगारात गेली तरी क्वचित परत मिळू शकते. दुसरी जिथे वाफेचं इंजिन चालू आहे तिथे मिळू शकते. तिसरी माणसाबरोबर जाते. १९९० मध्ये पंचेचाळिशीत असलेला ड्रायव्हर आज ऐंशीच्या घरात आहे. तेव्हा विशीत असलेला फायरमनही निवृत्तीला आलाय किंवा निवृत्त झालाय.

जुनी शिट्टी घरात ठेवली तर गुन्हा आहे का?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण अशा वस्तू सोशल मीडियावर सर्रास विकायला दिसतात. रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा १९६६ सालचा आहे. चोरीची असल्याचा वाजवी संशय असलेली रेल्वेची वस्तू तुमच्याकडे सापडली, तर ती कायदेशीर मार्गाने आली हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. पहिल्या गुन्ह्यालाही पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे लिलावाची पावती किंवा कुठून आली याचा कागद नसेल, तर हौस महागात पडू शकते.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तूंचा. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. निजामाच्या रेल्वेच्या सुरुवातीच्या काळातली शिट्टी यात बसू शकते. पण वायपी, वायजी ही स्वातंत्र्यानंतरची इंजिनं. त्यांची शिट्टी शंभर वर्षांची व्हायला अजून बराच वेळ आहे. म्हणजे मराठवाड्याने प्रत्यक्षात ऐकलेल्या शिट्ट्या या कायद्याच्या संरक्षणाबाहेर आहेत.

आणखी एक सावधगिरी. बाजारात नवीन बनवून जुन्यासारख्या दिसणाऱ्या पितळी वस्तू भरपूर आहेत. रेल्वेची आद्याक्षरं कुणीही ठोकू शकतं. त्यामुळे शिट्टी कोणत्या इंजिनाची, कोणत्या शेडमधली, कुणाकडून आली ही माहिती धातूपेक्षा जास्त मोलाची आहे. ही माहिती नसेल तर ते फक्त चकचकीत पितळ आहे.

आठवणींत रमण्याचा धोकाही आहे

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वाफेचं युग फार रम्य होतं असं नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, बाहेर बेचाळीस अंश असताना भट्टीच्या तोंडाशी उभं राहून फावड्याने कोळसा टाकणाऱ्या फायरमनला विचारा. धूर, काजळी, भाजलेले हात. प्रवाशांच्या डोळ्यांत कोळशाचे कण जायचे ते वेगळंच. डिझेल आलं, वीज आली हे चांगलंच झालं. कुणालाही ते दिवस परत नको आहेत.

पण म्हणूनच शिट्टी जपायला हवी. ती फक्त इंजिनाची नव्हती, ती वाजवणाऱ्या हातांची होती. आपण राजांच्या तलवारी जपतो, किल्ले जपतो. आणि जपायलाच हवेत. पण रात्रपाळीत गाडी हाकणाऱ्या माणसाच्या कामाची खूण म्हणून आपल्याकडे काय आहे? पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, घरातली भांडी अशा रोजच्या वस्तू आयुष्यभर जमवल्या. लोक तेव्हा या वस्तूंना जुनाट म्हणत होते. आज त्याच वस्तूंचं राजा केळकर संग्रहालय पाहायला लोक तिकीट काढतात. शिट्टीचंही तसंच आहे.

मग आता काय करता येईल?

हे सगळं आत्ताच का सांगतोय? कारण सध्या दोन गोष्टी एकत्र घडतायत. अमृत भारत योजनेतून मराठवाड्यातल्या अनेक स्टेशनांचं रूप बदलतंय. आणि रेल्वेचे विभाग ‘झिरो स्क्रॅप’ मोहिमेत जुनं सामान विकून जागा मोकळी करतायत. दोन्ही योग्यच. पण जुनी गोदामं आणि कपाटं रिकामी करताना त्यात काय आहे हे विकण्याआधी कुणी तरी पाहायला हवं. एकदा लिलाव झाला की परतीचा रस्ता नाही.

रेल्वेला फार मोठा खर्च करायची गरज नाही. जुन्या शेडमधलं आणि गोदामांतलं सामान विकण्याआधी शिट्ट्या, गेज, दिवे, पाट्या वेगळ्या काढून नोंद करता येईल. नूतनीकरण होणाऱ्या स्टेशनात एक काचेचं कपाट ठेवता येईल. रेवाडीतल्या वायपी, वायजीची शिट्टी वाफेवर वाजवून नीट रेकॉर्ड करता येईल आणि पूर्णा, परभणी, सेलूच्या स्टेशनांवर एका बटणावर ऐकवता येईल.

आणि तुम्ही? तुमच्या खिशात मोबाईल आहे, म्हणजे हँडफर्डकडे होतं त्यापेक्षा हलकं यंत्र आहे. तुमच्या घरात किंवा गल्लीत कुणी रेल्वेतून निवृत्त झालेलं असेल, तर त्यांच्यासमोर बसा आणि रेकॉर्डिंग सुरू करा. पंखा बंद करा, टीव्ही बंद करा. विचारा, कोणत्या शेडला होतात? कोणतं इंजिन? शिट्टी दोरीने ओढायचात की दांडीने? चार छोट्या कधी वाजवाव्या लागल्या? त्या रात्री काय झालं होतं? तोंडाने शिट्टीचा आवाज काढून दाखवायला सांगा. हसू नका, बहुतेक जण हुबेहूब काढतात. शेवटी तारीख, गाव, नाव सांगून फाइल जपून ठेवा आणि त्यांची परवानगी असेल तरच इंटरनेटवर टाका.

घरात रेल्वेची जुनी पितळी वस्तू असेल तर ब्रासोने घासून चकचकीत करायच्या आधी तिचा आहे तसा फोटो काढा. तिच्यावरचे आकडे आणि अक्षरं लिहून ठेवा. भंगारवाल्याला देण्याआधी एखाद्या रेल्वे संग्रहालयाला विचारा.

संध्याकाळी सेलूच्या फाटकावर उभं राहिलं की आजही ‘सी/फा’ची पाटी दिसते. गाडी येते, हॉर्न वाजतो, लोक थांबतात. शेजारी एखादे आजोबा उभे असतील तर त्यांना विचारून बघा, पूर्वीची शिट्टी कशी होती? ते सांगायला लागले की मोबाईल बाहेर काढा.